वैरण-पेंडीतली नैसर्गिक विषे आणि ती मोडणारे सूक्ष्मजीव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, रायबाग या पट्ट्यातले दूध उत्पादक आणि कोंबडीपालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढे अपवाद आणि अडचणी येतात. घाई असेल तर आधी प्रश्न २ वाचा. एक जिवाणू ठरावीक एक-दोन विषेच ओळखतो, हे तिथे लक्षात आले की पुढची बरीचशी फसवणूक टळते.

१. ‘नैसर्गिक विष’ म्हणजे काय? फवारणीच्या औषधाचे अंश का?

नाही, तो विषय वेगळा. येथे दोन प्रकारची विषे आहेत. काही विषे झाड स्वतःच साठवते: कोवळ्या जोंधळ्यातले सायनाइड तयार करणारे द्रव्य, जास्त युरिया खाल्लेल्या चाऱ्यातले नायट्रेट, उसाच्या वाढ्यातले आणि भाताच्या पिंजरातले ऑक्झॅलेट, सरकीतले गॉसिपॉल, सुबाभळीतले मिमोसिन. दुसरी बुरशीची विषे. शेंगपेंड, मका आणि सरकी पेंड यांवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. मक्यावरच्या फ्युजेरियम बुरशीपासून फ्युमोनिसिन, झिअरॅलेनॉन आणि डॉन (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल) ही विषे होतात. साठवणीतल्या धान्यात ऑक्राटॉक्सिनही सापडते.

आपल्या भागापुरते बोलायचे तर ऊस पट्ट्यात, म्हणजे रायबाग, अथणी, चिकोडीकडे, वाढ्यातल्या ऑक्झॅलेटची तक्रार जास्त. खानापूरच्या पावसात साठवलेली पेंड बुरशी धरते. जिथे कोरडवाहू जोंधळा आहे तिथे किरळ लागण्याचा, म्हणजे सायनाइडच्या विषबाधेचा धोका असतो.

२. सूक्ष्मजीव विष ‘मोडतात’ म्हणजे नेमके काय करतात? बाइंडर आणि हे एकच का?

एकच नाही, आणि दुकानात सर्वांत जास्त घोळ येथेच होतो. बाइंडर विषाला चिकटतो. विष तसेच राहते, फक्त आतड्यातून रक्तात न जाता शेणावाटे बाहेर पडते. बेंटोनाइट माती आणि यीस्टच्या पेशींच्या भिंती हे काम करतात. मोडणारा सूक्ष्मजीव किंवा त्याचे विकर (एन्झाइम) मात्र विषाच्या रेणूचा ठरावीक भाग तोडते, आणि उरलेला तुकडा निरुपद्रवी किंवा बराच सौम्य असतो.

ठोस उदाहरणे घ्या. गायीच्या कोठीपोटातून (पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातून) वेगळा केलेला ‘बीबीएसएच ७९७’ हा जिवाणू डॉन विषातली इपॉक्साइड कडी उघडतो. युरोपीय संघाने २०१३ मध्ये त्याला डुकरांच्या खाद्यासाठी परवानगी दिली. फ्युमोनिसिनच्या बाजूच्या साखळ्या कापणारे फ्युमोनिसिन इस्टरेज हे विकर २०१४ मध्ये मंजूर झाले. वाळवीच्या आतड्यातून मिळालेले ट्रायकोस्पोरॉन मायकोटॉक्सिनिव्होरान्स हे यीस्ट ऑक्राटॉक्सिन आणि झिअरॅलेनॉन मोडते. क्लोनोस्टॅकिस रोझिया या बुरशीचे विकर झिअरॅलेनॉनचे वलय उघडते.

यातला प्रत्येक जण ठरावीक एक-दोन विषांवरच काम करतो. फ्युमोनिसिनचे विकर अफ्लाटॉक्सिनला हातही लावत नाही. म्हणून ‘सर्व विषांवर एकच पुडी’ असा दावा दिसला की दुकानदाराला विचारा: कोणते विष, कोणत्या जिवाणूने?

३. गायी-म्हशीच्या पोटात कोट्यवधी जिवाणू असतातच. मग बाहेरून कशाला घालायचे?

बऱ्याच वेळा खरोखरच गरज नसते. कोठीपोटातले जिवाणू डॉन बऱ्यापैकी निकामी करतात आणि तिथले प्रोटोझोआ ऑक्राटॉक्सिन तोडतात. म्हणून ही दोन विषे कोंबडी-डुकरांना जेवढी बाधतात तेवढी मोठ्या जनावरांना बाधत नाहीत.

पण तीन ठिकाणी पोटातल्या जिवाणूंवर विसंबता येत नाही. अफ्लाटॉक्सिन कोठीपोटात फारच थोडे मोडते, बाकीचे रक्तात जाते. झिअरॅलेनॉनचा तिथे अल्फा-झिअरॅलेनॉल होतो आणि त्याची संप्रेरकासारखी क्रिया मूळ विषापेक्षा जास्त असते. आणि जोंधळ्यातले सायनाइड तर कोठीपोटातले जिवाणूच मोकळे करतात (प्रश्न ११).

शिवाय पोट बिघडलेले असेल तर हे जिवाणूच कमी झालेले असतात. भरडा जास्त खाऊन आम्लता झालेली गाय, दीर्घ प्रतिजैविक उपचार झालेले जनावर, दोन-तीन महिन्यांचे वासरू-रेडकू यांना मोठ्या निरोगी जनावराचे नियम लावू नका.

४. बुरशी लागलेली पेंड उकळून किंवा उन्हात वाळवून चालेल का? बुरशीचा थर काढून टाकला तर?

उकळून अफ्लाटॉक्सिन जात नाही. ते मोडायला साधारण २५० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते आणि तेवढ्यात पेंड जळून जाते. याच कारणाने दूध तापवून किंवा पाश्चराइझ करून दुधातले विषही जात नाही. ऊन फक्त वरच्या पातळ थरावर थोडेफार काम करते. वाळवल्याने पुढची बुरशी थांबते, आधी तयार झालेले विष तिथेच राहते.

थर खरवडून काढणे सर्वांत फसवे, कारण बुरशी दिसत नाही अशा ढेपेतही विष असू शकते आणि उलट दिसणारी प्रत्येक बुरशी विष करतेच असे नाही. हिरवट-पिवळी बुरशी, कुबट वास, हाताला उबदार लागणारे पोते यांपैकी काहीही असेल तर ती पेंड दुभत्या जनावराला देऊ नका. भाकड जनावराला घालून संपवण्याचा विचारही नको. गाभण असेल तर तिला ती जास्तच घातक.

५. अफ्लाटॉक्सिन मोडणारा जिवाणू खरोखर आहे का? शेंगपेंडीसाठी काय वापरायचे?

प्रयोगशाळेत आहे. १९६६ मध्ये फ्लेव्होबॅक्टेरियम ऑरँटियाकम हा जिवाणू द्रावणातले अफ्लाटॉक्सिन काढून टाकतो असे दिसले होते. त्यानंतर ऱ्होडोकॉकस आणि मिक्सोकॉकस गटातलेही काही जिवाणू सापडले. पण द्रावणात दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ मिळाल्यावर होणारे काम आणि कोरड्या पेंडीत किंवा काही तासांत पुढे सरकणाऱ्या आतड्यात होणारे काम यांत फार अंतर आहे. गोठ्यात भरवसा ठेवावा असा अफ्लाटॉक्सिनभक्षक जिवाणू आज तुमच्या दुकानात नाही, असे समजूनच वागा.

अफ्लाटॉक्सिनसाठी आज व्यवहारात उपयोगी पडते ती बेंटोनाइट माती. तिच्या थरांमधल्या फटींत अफ्लाटॉक्सिन चांगले अडकते (डॉन किंवा झिअरॅलेनॉन तसे अडकत नाही). युरोपात एका किलो खाद्यात जास्तीत जास्त २० ग्रॅमची मर्यादा आहे. गोठ्यात साधारण ५ ते १० ग्रॅम प्रति किलो आंबोण हा व्यवहार्य पल्ला. वस्तू मात्र खाद्यदर्जाची हवी. बोअरवेल खोदताना वापरतात ती बेंटोनाइट नको, तिच्यात जड धातू असू शकतात. आणि बाइंडर घातला म्हणून खराब पेंड चांगली होत नाही. दुधातले विष त्याने कमी होते, शून्य होत नाही.

कारखान्यात अमोनियाची प्रक्रिया करूनही अफ्लाटॉक्सिन मोडतात. त्याला बंद टाकी, दाब आणि तपासणी लागते. घरी युरिया टाकून ती नक्कल करू नका. युरियाचीच विषबाधा होईल.

६. दुधात हे विष किती येते आणि किती दिवसांत जाते?

जनावराने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी१ चा साधारण १ ते ६ टक्के भाग एम१ या रूपात दुधात उतरतो. जास्त दूध देणाऱ्या गायींत तो वरच्या टोकाला असतो. हिशेब असा:

गाय दिवसाला ५ किलो आंबोण खाते आणि त्यात १०० पीपीबी, म्हणजे किलोमागे १०० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन आहे. पोटात गेले ५०० मायक्रोग्रॅम. २ टक्के धरले तर दुधात १० मायक्रोग्रॅम. गाय १० लिटर देत असेल तर लिटरमागे १ मायक्रोग्रॅम. भारतात दुधाची मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे दूध मर्यादेच्या दुप्पट गेले. तेच आंबोण २० पीपीबीचे असते तर लिटरमागे ०.२ आले असते. पशुखाद्याच्या भारतीय मानकात (आयएस २०५२) मर्यादा २० पीपीबी आहे ती यासाठीच.

विष पोटात गेल्यावर १२ ते २४ तासांत दुधात दिसू लागते आणि ते खाद्य बंद केल्यावर साधारण ३-४ दिवसांत उतरते. डेअरीतून तक्रार आली तर आधी पेंड बदला आणि पाचव्या दिवशी दुधाचा नमुना पुन्हा तपासा. फॅट आणि एसएनएफच्या यंत्रात हे विष दिसत नाही. त्याला पट्टी चाचणी किंवा एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते.

७. पेंड-मका आणताना आणि ठेवताना नेमके काय पाहायचे?

सगळ्या जिवाणूंपेक्षा जास्त विष या एका कामाने अडते, म्हणून हे सविस्तर.

मक्यात ओलावा १३-१४ टक्क्यांच्या वर नको, भुईमुगाच्या शेंगा ८ टक्क्यांपर्यंत वाळलेल्या हव्यात, पेंड १० टक्क्यांच्या आसपास. यंत्र नसेल तर मिठाची चाचणी करा. स्वच्छ कोरडी काचेची बाटली घ्या, तिसऱ्या हिश्शापर्यंत मका भरा, तव्यावर गरम करून गार केलेले मीठ दोन-तीन चमचे घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटून थर बसला तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, तो मका साठवू नका. मीठ सुटे राहून तळाला उतरले तर ठीक. मीठ आधी तापवले नाही तर पावसाळी हवेतले पाणी ओढून ते तसेही चिकटते आणि चांगला मका नाकारला जातो.

पोती जमिनीवर टेकू देऊ नका. लाकडी फळ्यांवर अर्धा फूट उंच आणि भिंतीपासून दीड-दोन फूट लांब ठेवा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात. तिथे पंधरा दिवसांपेक्षा जास्त पेंड भरू नये. अथणीकडच्या कोरड्या हवेत महिनाभर चालते. कौलातून गळणाऱ्या एका धारेखालचे एकच पोते संपूर्ण थप्पीला बुरशी देते. नवे पोते जुन्याच्या मागे, आधी आलेले आधी वापरा.

फुटका दाणा साबूत दाण्यापेक्षा लवकर बुरशी धरतो. भरडा आठवड्यापुरताच दळून आणा.

८. शेतातच भुईमुगाला ही बुरशी लागू नये म्हणून सूक्ष्मजीव वापरता येतात का?

हो, आणि मोडण्यापेक्षा हा उपयोग जास्त पक्का आहे. विष न बनवणाऱ्या अ‍ॅस्परजिलसच्या जाती शेतात सोडून विषारी जातींची जागा अडवायची पद्धत अमेरिकेत सरकीसाठी (एएफ३६) आणि आफ्रिकेत मका-भुईमुगासाठी (अ‍ॅफ्लासेफ) वापरात आहे. आपल्याकडे हाताशी आहे ते ट्रायकोडर्मा: बियाण्याला किलोमागे ४-५ ग्रॅम चोळून पेरणी, शिवाय शेणखतात मिसळून जमिनीत.

जिप्सम आऱ्या धरण्याच्या वेळी एकरी २०० किलोच्या आसपास द्या. शेंगांची टरफले मजबूत होतात आणि बुरशी आत शिरायला वाट कमी मिळते. सर्वांत मोठे कारण मात्र शेवटच्या महिना-दीड महिन्यातला पाण्याचा ताण. त्या काळात एखादे संरक्षित पाणी मिळाले तर फरक पडतो. काढणीनंतर वेल उलटे पसरा, शेंगा वर. ढीग करून रात्र काढली तर सकाळी त्यात ऊब धरलेली असते, आणि बुरशीला तेच हवे असते.

९. मुरघासात टाकायच्या जिवाणू कल्चरने विष कमी होते का?

बुरशीचे विष असलेला मका खड्ड्यात भरला तर अफ्लाटॉक्सिन बव्हंशी तसेच बाहेर येते. कल्चरचे काम नवी बुरशी होऊ न देणे हे आहे. नायट्रेट मात्र मुरताना बरेच कमी होते, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास (प्रश्न १२).

लॅक्टोबॅसिलस प्लँटारम झटपट आम्ल करून चारा टिकवतो. लॅक्टोबॅसिलस बुकनेरी अ‍ॅसेटिक आम्ल करतो, त्यामुळे खड्डा उघडल्यावर मुरघास तापत नाही. पण त्याला ४५ ते ६० दिवस लागतात. वीस दिवसांत उघडणार असाल तर बुकनेरीवर पैसे घालवू नका.

मात्रेचा हिशेब लेबलवरून स्वतः करा. एक ग्रॅम चाऱ्याला किमान १ लाख जिवंत पेशी लागतात, म्हणजे एका टनाला १०,००० कोटी. पाकिटावर ग्रॅममागे १,००० कोटी लिहिले असेल तर टनाला १० ग्रॅम. ते नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात मिसळू नका. विहिरीचे पाणी किंवा रात्रभर उघडे ठेवलेले पाणी घ्या आणि मिसळलेले त्याच दिवशी संपवा. कुट्टीच्या प्रत्येक थरावर सारखे शिंपडा, एका कोपऱ्यात ओतून चालत नाही.

चाऱ्यात ओलावा ६५ ते ७० टक्के असावा. मूठ आवळून सोडली की गोळा हळूहळू सुटावा आणि हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये. उघडल्यावर रोज संपूर्ण तोंडावरून किमान अर्धा फूट काढा. निळा-हिरवा डाग दिसला तर भोवतालचा हातभर भागही फेकून द्या.

१०. उसाचे वाढे खाऊन गायी कमजोर होतात, पाय धरतात. यावर जिवाणू आहे का?

आहे, आणि तो बहुतेक तुमच्या गायीच्या पोटातच आहे. ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनीस (हे नाव १९८५ मध्ये पडले) ऑक्झॅलेटवरच जगतो. वाढे हळूहळू वाढवत नेले की आठवडाभरात त्याची संख्या वाढते आणि जनावर जास्त ऑक्झॅलेट पचवते. गळीत हंगाम सुरू झाला की एकाच दिवशी कडबा बंद करून दावणीत नुसते वाढे टाकले जातात. त्रास होतो तो या बदलाच्या पहिल्या आठवड्यात. रोज वैरणीचा चौथा हिस्सा असे सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवा आणि निम्म्याच्या वर नेऊ नका.

न मोडलेले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून शेणात नेते. यावर चुन्याच्या निवळीचा उपाय गावोगाव सांगतात. निवळी चांगली, पण चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. एक लिटर निवळीत जेमतेम एक ग्रॅम कॅल्शियम असते. दहा लिटर दूध देणाऱ्या गायीची भूक त्याने भागत नाही. रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रणातून साधारण १० ग्रॅम कॅल्शियम मिळते, खाद्यदर्जाच्या २५ ग्रॅम चुनखडी पावडरीतून तेवढेच. ऊस पट्ट्यात दोन्ही द्या, निवळी वरून शिंपडायची असेल तर तीही चालू ठेवा.

नेपियरच्या कोवळ्या कापणीला आणि नुसत्या पिंजरावर ठेवलेल्या जनावरांनाही हेच लागू. नुकती व्यालेली गाय बसून उठत नसेल तर मात्र वाट पाहू नका. दुग्धज्वर असू शकतो, शिरेतून कॅल्शियम लागते आणि ते डॉक्टरच देतील.

११. जोंधळ्याची किरळ लागते तेव्हा पोटातले जिवाणू मदत करत नाहीत का?

उलट करतात. कोवळ्या जोंधळ्यातले ढुरिन हे द्रव्य स्वतः फारसे विषारी नसते. चावल्यावर आणि कोठीपोटातल्या जिवाणूंच्या विकरांनी ते फुटते आणि सायनाइड मोकळे होते. त्यामुळे घोड्यापेक्षा गाय-म्हैस लवकर बळी पडते. येथे जिवाणू वाढवणारी कोणतीही पुडी उपयोगाची नाही.

गुडघ्याच्या खालचा जोंधळा, कापणीनंतरचे फुटवे, पाऊस ओढ देऊन सुकलेले आणि मग पावसाने पुन्हा कोवळे फुटलेले पीक, ही तिन्ही धोक्याची. फुलोरा येईपर्यंत थांबा. नीट वाळवलेल्या कडब्यात सायनाइड बहुतांश उडून गेलेले असते. अर्धवट सुकलेला, ढीग केलेला चारा सुरक्षित समजू नका. उपाशी जनावर अशा शेतात सोडू नका, आधी कडबा खाऊ घाला.

लक्षणे मिनिटांत येतात: धाप, थरथर, कोसळणे. रक्त लालभडक दिसते. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावे लागते. ताबडतोब डॉक्टरांना बोलवा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

१२. नायट्रेटची विषबाधा आणि किरळ यांत फरक कसा ओळखायचा?

हा फरक जिवावर बेतणारा आहे, कारण किरळीवरचे सोडियम नायट्राइट नायट्रेटच्या बाधेत दिले तर जनावर मरेल. नायट्रेटच्या बाधेत रक्त चॉकलेटी-तपकिरी होते आणि हिरड्या निळसर-करड्या दिसतात. त्यावर मिथिलीन ब्लू लागते. डॉक्टर येईपर्यंत उरलेला चारा दावणीतून काढा, पण थोडा नमुना बाजूला ठेवा.

होते काय, तर पोटातले जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि मग नायट्राइटचे अमोनिया. पहिली पायरी वेगाने होते, दुसरी सावकाश, आणि मध्ये नायट्राइट साठते. चारा हळूहळू वाढवला आणि सोबत थोडा भरडा दिला तर दुसरी पायरीही वेग धरते. परदेशात प्रोपिओनीबॅक्टेरियम जिवाणू यासाठी वापरले गेले आहेत. ते आठवडाभर आधीपासून द्यावे लागतात, बाधा झाल्यावर नाही.

नायट्रेट खोडाच्या खालच्या भागात जास्त असते. धोका वाटत असेल तर चारा जमिनीपासून वीतभर वर कापा. युरियाचा हप्ता दिल्यावर लगेच कापू नका. असा चारा मुरघासात भरलात तर पहिल्या आठवड्यात खड्ड्यातून पिवळसर-तांबूस वायू निघू शकतो. तो फुप्फुसाला घातक आहे, मुलांना आणि जनावरांना तिथून लांब ठेवा.

१३. सुबाभूळ शेळ्यांना चालते, मग गायीचे केस का गळतात?

मिमोसिन कोठीपोटात डीएचपी होते आणि डीएचपी थायरॉइडचे काम बिघडवते. हे डीएचपी मोडणारा जिवाणू पोटात असला तर काहीच होत नाही. हवाईतल्या शेळ्या सुबाभूळ खाऊनही ठणठणीत राहतात हे ऑस्ट्रेलियाच्या रेमंड जोन्स यांनी दाखवले. त्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जिवाणू १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले आणि त्रास थांबला. १९९२ मध्ये त्या जिवाणूला सिनर्जिस्टेस जोन्सी हे नाव मिळाले. विष मोडणाऱ्या सूक्ष्मजीवाचा गोठ्यातला यापेक्षा स्वच्छ दाखला दुसरा नाही.

तुमच्यासाठी: सुबाभूळ वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत वाढवा. नियमित सुबाभूळ खाणाऱ्या जनावरांसोबत एका दावणीला, एका हौदावर ठेवल्याने जिवाणू पसरायला मदत होते. घोडा आणि कोंबडी यांना हा जिवाणू वाचवत नाही.

१४. सरकी पेंड वासरांना द्यावी का? आंबवून गॉसिपॉल जाते म्हणतात.

मोठ्या जनावराच्या कोठीपोटात गॉसिपॉल प्रथिनांना बांधले जाते, म्हणून दुभत्या म्हशीला सरकी मानवते. चार महिन्यांखालच्या वासरा-रेडकांना देऊ नका. कँडिडा ट्रॉपिकॅलिस यीस्टने आंबवून मोकळे गॉसिपॉल कमी होते हे खरे, पण ते नियंत्रित तापमान आणि शुद्ध कल्चरचे कारखान्यातले काम आहे. घरी ओली सरकी झाकून ठेवली तर त्यात कोणती बुरशी वाढेल हे तुमच्या हातात नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांनाही सरकी टाळा, पिवळा बलक हिरवट होतो.

१५. ताक, दही किंवा शेणाचे कल्चर आंबोणात घातले तर विष मोडेल?

ताकातले लॅक्टिक जिवाणू थोडे अफ्लाटॉक्सिन भिंतीला चिकटवून धरतात, मोडत नाहीत, आणि पकड सैल असते. पचनासाठी ताक द्यायचे तर द्या, विषासाठी त्यावर विसंबू नका. शेतासाठीचे जीवामृत किंवा शेणाचे कल्चर खाद्यात मुळीच घालू नका. त्यात रोगजंतू असतात.

१६. पुडी घेताना लेबलवर काय असावे? कधी देऊ नये?

जिवाणूचे पूर्ण नाव, ग्रॅममागे जिवंत पेशी किंवा विकराची युनिटे, कोणत्या विषावर, कोणत्या जनावरासाठी, मुदत आणि साठवणीचे तापमान. यांपैकी पहिली तीन नसतील तर परत ठेवा. गरम आंबोणात टाकू नका, हाताला सोसेल इतके निवू द्या. एकदम पोत्यात न घालता आधी एक किलो भरड्यात मिसळा, मग तो भरडा उरलेल्यात.

बेंटोनाइटबद्दल एक अपवाद कोंबडीपालकांनी लक्षात ठेवावा. टायलोसिनसारखी मॅक्रोलाइड प्रतिजैविके किंवा कॉक्सिडिओसिसवरचे रोबेनिडीन चालू असताना तो देऊ नये. औषधच त्याला चिकटते आणि उपचार वाया जातो.

१७. नमुना कसा घ्यायचा? एका पोत्यात काही नाही, दुसऱ्यात आहे, असे का येते?

अफ्लाटॉक्सिन सगळीकडे सारखे पसरलेले नसते. एखाद्या मूठभर शेंगदाण्यात भरपूर, बाजूच्यात काहीच नाही. म्हणून दहा-पंधरा पोत्यांच्या वर, मध्ये आणि तळाशी हात घालून मिळून ३-४ किलो गोळा करा. सगळे दळून, पसरून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा. असे करत अर्धा किलोवर या. कोरडा नमुना घट्ट पिशवीत आणि दमट असेल तर कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये वाटेतच बुरशी वाढते. तारीख, पोत्याचा गट आणि खरेदीची पावती सोबत जोडा. आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या ‘काल्फ’ प्रयोगशाळेत खाद्य आणि दूध दोन्हींतले अफ्लाटॉक्सिन तपासतात.

१८. निपाणीत तंबाखू भरलेली रिकामी पोती धुऊन पेंडीला वापरली तर?

वापरू नका. निकोटिन तागात मुरते आणि धुऊन पूर्ण जात नाही. निकोटिन खाणारे जिवाणू मातीत असतात, पण खाद्यात वापरायचे काहीही त्यातून तयार झालेले नाही. तंबाखूच्या वखारीत पेंड-मका साठवणेही टाळा. जागाच नसेल तर तळाला जाड ताडपत्री, वर फळ्या आणि पोती पूर्ण झाकलेली ठेवा, आणि वखार झाडताना उडालेली तंबाखूची धूळ त्याच दिवशी झाकणावरून पुसून काढा.